चेन्नई बंदर ते अंबुजाचं घर

आमची बोट चेन्नईच्या धक्क्याला सकाळी सात वाजता लागली आणि संध्याकाळी सहाला ती सुटणार होती. पाचच्या आत प्रत्येकानं परत बोटीवर आलं पाहिजे, ही सूचना आदल्या दिवसापासून इतक्यांदा झाली होती की अरविंद, म्हणजे माझे यजमान, दाढी करताना ती पुटपुटत होते. लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलानं ही सहल भेट दिली होती. मुंबईहून निघून कोची, मग श्रीलंकेला वळसा घालून चेन्नई. नाशिकच्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतं खरं, पण नऊ दिवस तेच निळं पाणी आणि तेच पंचवीस प्रकारचे पाव बघून मला जमिनीची ओढ लागली होती.

बोटीवरचे बहुतेक लोक महाबलीपुरमला निघाले. वातानुकूलित बस, वाटाड्या, जेवणाचं पाकीट, सगळं तयार. अरविंदनी माझंही नाव लिहून टाकलं होतं. ते मी आदल्या रात्रीच खोडायला लावलं.

"दगडी रथ बघायचे सोडून तू एकटी कुठं भटकणार?" त्यांनी विचारलं.

"अंबुजाकडे," मी म्हटलं.

अंबुजाचं नाव त्यांनी माझ्या तोंडून इतक्या वर्षांत दोनदाच ऐकलं असेल, पण ती कोण हे त्यांना ठाऊक होतं.

अंबुजा पुण्याला वसतिगृहात माझी खोलीतली सोबतीण होती. घर मूळचं तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून घरात मराठी बोलणारी माणसं. वडिलांची बदली पुण्याजवळ झाली, म्हणून तिनं आमच्या कॉलेजात नाव घातलं. ते दौंडला राहत, ही वसतिगृहात. तिची मराठी आम्ही कधी न ऐकलेली. 'मला'ऐवजी 'मज', 'बसा'ऐवजी 'बैसा', 'मिनिट'ऐवजी 'निमिष', आणि वाक्याच्या शेवटी सूर असा वर जायचा की साधं सांगणंसुद्धा प्रश्नासारखं वाटावं. तिची आई पत्र लिहायची ती भाषा मराठी आणि लिपी तमिळ. मला वाचता येत नसे, म्हणून ती मला वाचून दाखवायची.

मला नकला चांगल्या यायच्या. स्नेहसंमेलनात मी 'मद्रासची मावशी' झाले. आणि अंबुजाच्या आईच्या पत्रातली वाक्यं जशीच्या तशी म्हटली. 'तुजवाचून घर ओस वाटतें, भाताचा घास उतरत नाही.' सभागृह हसून नुसतं फुटलं. अंबुजा तिसऱ्या रांगेत होती. तीही हसत होती. पुढच्या सत्राला ती आली नाही. वडिलांची परत बदली झाली, असं कळलं, आणि मी त्या कारणाला घट्ट धरून बसले.

यंदा आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी तिचा नंबर टाकला. मी चार दिवस शब्द जुळवून निरोप लिहिला. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: 'या. वेस्ट मांबलम. स्टेशनावर थांबतें.'

फाटकापर्यंत

चेन्नईचं बंदर पायी ओलांडता येत नाही. आजूबाजूला डोंगराएवढ्या कंटेनरच्या राशी, त्यांच्यावर वाकलेल्या क्रेन, आणि रांगेनं उभ्या असलेल्या, परदेशी निघालेल्या शेकडो नव्या मोटारी. धक्क्यापासून फाटकापर्यंत एक बस सोडते. बसमध्ये पाहुण्यांना नकाशे वाटणारे एक वयस्कर गृहस्थ होते. आयुष्यभर याच बंदरात नोकरी केलेली, आता हौस म्हणून येतात. मी एकटी आहे असं बघून ते माझ्या शेजारी बसले.

"इथं मुळात बंदर नव्हतंच," ते इंग्रजीत म्हणाले. "सरळसोट किनारा. जहाजं लांब उभी राहायची आणि माणसं होडीत बसून लाटांवरून यायची. कितीही मोठा साहेब असो, भिजल्याशिवाय मद्रासला उतरत नसे. मग समुद्रात भिंती घातल्या आणि आतलं पाणी शांत केलं."

मी बाहेर पाहिलं. भिंतीच्या आतलं पाणी खरंच तळ्यासारखं निवांत होतं. भिंतीपलीकडे लाटा फुटत होत्या.

"तुम्ही कुठं निघालात? किल्ला? देवळं?"

"मैत्रिणीकडे."

"मग जेवून या," ते म्हणाले आणि नकाशा परत पिशवीत ठेवला.

बीच स्टेशन

बंदराच्या समोरच बीच नावाचं स्टेशन आहे, पण तिथून समुद्रकिनारा काही दिसत नाही. खिडकीवर मी 'मांबलम' म्हटलं, तिकीटवाल्यानं ते 'माम्बलम्' असं दुरुस्त करून मला परत दिलं. गाडी जवळजवळ रिकामी होती. समोरच्या बाकावरच्या बाईनं मांडीवर मोगऱ्याचा गजरा ठेवला होता. हातानं मोजून त्यातला वीतभर तोडून तिनं माझ्या हातात दिला. मी पैसे काढले, तर तिनं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. आमच्याकडे गाडीत अनोळखी बाई फार तर सरकून जागा देते. मी पाठमोरी झाले, आणि तिनंच तो माझ्या तोकड्या केसांत कसाबसा अडकवून दिला.

कोर्टाची लाल इमारत मागे गेली. तिच्या एका घुमटावर पूर्वी दीपगृह होतं म्हणे. किल्ल्याची भिंत, एग्मोर, मग घरांच्या गच्च्या आणि गच्च्यांवर वाळत घातलेले पापड. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं घोकत होते. तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निबंधांच्या वह्या लाल केल्या, पण एक साधं वाक्य जमत नव्हतं.

मांबलमला उतरले आणि पहिली फजिती तिथंच झाली. पुलावरच्या गर्दीनं मला उचललं आणि चुकीच्या बाजूला खाली सोडलं. साड्यांची दुकानं, स्टीलच्या भांड्यांचे ढीग, प्लास्टिकच्या बादल्या, आणि एवढ्या सकाळी इतकी माणसं. मी एका फुलवालीला "वेस्ट? वेस्ट?" विचारत राहिले. तिनं पुष्कळ काहीतरी तमिळमध्ये सांगितलं, मला कळत नाही हे बघून उठली, माझे दोन्ही खांदे धरून मला गर्रकन फिरवलं आणि जिन्याच्या दिशेनं हलकंसं ढकललं. यापेक्षा स्पष्ट पत्ता मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

पलीकडच्या बाजूला, तिकीटघराच्या सावलीत अंबुजा उभी होती. तशीच बारीक. केस पांढरे, त्यांत फूल.

"नलू," ती म्हणाली, "चाळीस निमिषें झालीं. येत नाहीस म्हणून वाटलें."

"चुकीच्या बाजूला उतरले."

"सगळे उतरतात," ती म्हणाली आणि माझी पिशवी हातातून घेतली.

एक गोष्ट मला चटकन जाणवली. पुण्याला पहिल्या सत्राच्या शेवटी ती अगदी आमच्यासारखं बोलायला लागली होती. आज पुन्हा तिची तीच जुनी बोली होती. मी तसं म्हटलं, तर ती चालता चालता बोलली, "पुण्याची भाषा पुण्यास ठेवून आलें."

वेस्ट मांबलम

स्टेशनापासून तिचं घर दहा मिनिटांवर. लहान लहान दुकानं, एक पितळी समयांचं, एक नुसत्या कॉफीपुडीचं. त्या पुडीचा वास पुढच्या वळणापर्यंत सोबत येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारात पांढऱ्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी. आमच्याकडे रांगोळी सणाची, इथं रोजची.

घरात तिची मुलगी कावेरी कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेली. ऑफिस लांब शोळिंगनल्लूरला, पण त्या दिवशी घरूनच काम होतं. तिनं हात हलवला, "हाय आंटी" म्हणाली. खिडकीशी वेताच्या खुर्चीत अंबुजाची आई. कावेरी तिला पाटी म्हणते, तमिळमधली आजी. मीही पाटीच म्हणते. चौऱ्याऐंशी वर्षांची, कापसासारखी हलकी बाई.

"जेवलां कीं?" तिनं मला विचारलं. तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते.

"अजून नाही, पण जेवायलाच आलेय," मी म्हटलं. पाटी नुसती "हो, हो" म्हणाली. माझं वाक्य तिला अर्धंच पोचलं, हे मला कळलं.

अंबुजा कॉफी करायला आत गेली. तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे गेलं. पाटीच्या खुर्चीमागे तमिळ अक्षरांतल्या वीस-पंचवीस चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. कावेरीनं हेडफोन काढला आणि इंग्रजीत, मध्ये मध्ये मोडकं हिंदी घालत, मला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी पाटीला अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, चालणं सुधारलं, पण तमिळ गेली. साठ वर्षं भाजीवाल्याशी, शेजारणींशी, नातीशी जी भाषा बोलली ती पुसली गेली, आणि लहानपणची मराठी तेवढी उरली. "डॉक्टर म्हणतात, असं होतं कधी कधी," कावेरी म्हणाली. "मला काहीच समजेना. एकदा आई बाहेर होती आणि पाटी सारखी म्हणत होती, ऊन पाणी, ऊन पाणी. मी फोनवर 'ऊन' शोधलं. सनलाइट असं आलं. मी पडदे उघडले आणि तिला फ्रिजमधलं पाणी दिलं. ती रडायला लागली."

पाटीला गरम पाणी हवं होतं.

"त्या दिवसापासून चिठ्ठ्या लावते. ही 'दुखतें'. ही 'पुरे'. ही 'भितर'."

मी मास्तरीण आहे, नको तिथं विचारते. "घरात दोन बायका मराठी बोलणाऱ्या, आणि तू शिकली कशी नाहीस?"

"आई माझ्याशी कधी बोललीच नाही मराठीत," ती म्हणाली. "पाटीलाही बोलू दिलं नाही. घरात तमिळच, असा नियम होता तिचा. का, ते ती सांगत नाही."

तिच्या मीटिंगची वेळ झाली आणि तिनं हेडफोन परत लावला. मी स्वयंपाकघरात गेले.

अंबुजा कॉफी डबऱ्यातून, म्हणजे खोलगट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात उंचावरून ओतत होती. फेस आलेला पेला तिनं माझ्यापुढे ठेवला आणि डांगराच्या पिठात दही कालवायला घेतलं. उडदाचं डांगर आमच्याकडेही होतं, आम्ही त्यात कांदा घालतो. तिनं त्यावर मोहरी-हिंगाची फोडणी दिली. तेवढं बोलून झालं. मग मी घोकलेली सगळी वाक्यं विसरले आणि म्हटलं, "अंबुजा, त्या स्नेहसंमेलनाची माफी मागायला आलेय मी."

तिचा हात थांबला नाही. "तुझेमुळें पुणें सोडलें म्हणून वाटतें का तुज? नाही. बाबांची बदली खरीच झाली."

मला हलकं वाटलं. पण क्षणभरच.

"घरीं आलें," ती म्हणाली, "आणि अम्मा बोलायची. तेंच शब्द, तोच सूर. आइकलें कीं मज हंसूं यायचें. आपल्या अम्मावर, नलू. ती विचारायची, काय झालें गे? काय सांगूं तिज? मग कावेरी झाली. तेव्हां ठरविलें, जें आइकून कोणी हंसेल तें माझे लेकरास द्यायचें नाही."

"मी काय करू आता?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"माफी म्हणजे मज काय करायचे तिचें? लोणचें घालूं?" ती म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत. हात पिठाचे होते. "सरि," ती तमिळमध्ये 'बरं' म्हणाली. "पानें मांडूं चल."

जेवण केळीच्या पानावर. भात तीन वेळा: आधी सांबाराबरोबर, मग रसम, शेवटी ताक. वांग्याची रसवांगी नावाची भाजी, हरभऱ्याची डाळ आणि खोबरं घातलेली, इतकी चांगली की मी तिसऱ्यांदा मागितली. डांगराची पचडी. जेवण झाल्यावर मी व्यवस्थितपणाच्या सवयीनं पान पलीकडे मिटायला गेले, तर अंबुजानं माझं मनगट धरलं. पान आपल्याकडे मिटायचं. पलीकडे मिटलं तर घरात दुःख झाल्यासारखं. आमच्याकडे पान कुणी मिटतच नाही. मी घाईनं उलट मिटलं आणि ताकाचा ओघळ साडीवर आला. पाटीनं ते पाहिलं आणि ती मान हलवून काहीतरी म्हणाली. कावेरीनं माझ्याकडे अर्थासाठी बघितलं. मलाही नीट कळलं नव्हतं, मी तिच्या आईकडे बोट दाखवलं.

अंबुजा सांगायला लागली, आणि मध्येच थांबली. मग मला म्हणाली, "नलू, तूं बोल अम्मासंगे. तसें बोल. तेव्हां बोललीस तसें."

मला आधी कळलंच नाही. स्नेहसंमेलनातल्यासारखं, हे कळलं तेव्हा मी मान हलवली. "नाही. ते नको."

"काय म्हणाली आई?" कावेरीनं इंग्रजीत विचारलं. अंबुजानं तिला तमिळमध्ये सांगितलं. सगळं. मला शब्द कळत नव्हते, पण 'पूना' कळलं, 'लेटर' कळलं, आणि कावेरीचा चेहरा कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा वाटलं, महाबलीपुरमच्या बसमध्ये असते तर बरं झालं असतं.

"मज लाज वाटली म्हणून हिज भाषा दिली नाही," अंबुजा मला म्हणाली. "आतां तुज लाज वाटते. वाटूं दे. बोल."

मी खुर्ची पाटीजवळ ओढली. मग म्हटलं, "अम्मा, मी नलू. नाशिकाहून आलें. तुम्हांस पाहून फार बरें वाटलें."

पाटीची मान वळली. सकाळपासून ती खिडकीकडे बघून माझ्याशी बोलत होती. आता तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "नाशीक म्हणजे कोठें गे? कुंभकोणापलीकडे का?"

"त्याहून पुष्कळ दूर, अम्मा. गोदावरीकांठीं."

"नदी आहे कीं. मग बरें." आणि ती बोलायला लागली. लग्न होऊन मद्रासला आली, तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यांना समुद्र दाखवायला नेलं. "मी रडलें. इतकें पाणी, आणि पिण्यास थेंब नाही. म्हटलें, अशा गांवीं कसें राहावें?" मी विचारत गेले, ती सांगत गेली. कावेरीनं कामाचा लॅपटॉप मिटला होता. ती मला एकेका शब्दाला अडवत होती, मी अर्थ सांगत होते, आणि ती तमिळमध्ये लिहून घेत होती.

एकदा मी 'गेलां'ऐवजी 'तुम्ही गेलांत' असं काहीतरी बोलले, तर पाटीनं माझ्या हातावर चापट मारली. "चुकीचें बोलतेस," ती म्हणाली, आणि हसली. तोंडात चारच दात, पण चांगलं मोठ्यानं हसली. "असूं दे. बोल."

माझ्यामागून अंबुजाचं हसू ऐकू आलं. मला वळून बघायचा धीर झाला नाही.

परतताना

तीन वाजून गेले तरी कुणाच्या लक्षात नव्हतं. अरविंदचा फोन आला, ते बोटीवर पोचलेसुद्धा होते. मग धांदल. पाटीला नमस्कार केला, तर ती म्हणाली, "उद्यां लवकर ये."

अंबुजा बीच स्टेशनपर्यंत आली. गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. बंदराच्या फाटकाशी सुरक्षारक्षकानं बोटीचं कार्ड मागितलं, मी पिशवीत शोधत असताना ती म्हणाली, "क्षमा केली म्हणून सांगत नाही, नलू. खोटें होईल. एक काम सांगतें, तें कर. रविवारीं फोन कर. अम्मासंगे बोल. कावेरी आइकेल."

"तूच का नाही शिकवत तिला?"

"मी बोललें कीं तिज राग येतो. इतकीं वर्षें कां नाही म्हणून. तुझें आइकेल."

कार्ड सापडलं. रक्षकानं मला आत जायची खूण केली. मागे वळले तेव्हा अंबुजा रस्ता ओलांडत होती, एक हात वर करून, येणारी बस थांबवत.

धक्क्यावर पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते. अरविंद उन्हानं लाल झाले होते आणि त्यांनी एक दगडी हत्ती आणला होता. "काय पाहिलंस चेन्नईत?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले आणि मधेच मला रडू आलं, तेव्हा त्यांनी हत्ती बाजूला ठेवला. सहाला बोट त्या शांत पाण्यातून हळूहळू निघाली. भिंतीपलीकडे गेल्यावर पहिला हेलकावा बसला, आणि आम्ही दोघांनी कठडा धरला.

नाशिकला येऊन आता अडीच महिने झाले. रविवारी सकाळी दहाला मी फोन लावते. पहिल्यांदा पाटीनं मला ओळखलं नाही, दुसऱ्यांदा 'नदीकडची' म्हणून ओळखलं. एका रविवारी ती काहीच बोलली नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, तेव्हा मीच पाऊण तास बडबडले. कावेरी स्पीकरवर असते, मध्ये मध्ये इंग्रजीत विचारते. अंबुजा क्वचित बोलते. मागून भांड्यांचा आवाज येतो तेवढाच.

गेल्या रविवारी फोन कावेरीनं उचलला. मी नेहमीप्रमाणे इंग्रजीत विचारलं, पाटी जागी आहे का. मग जपून, एकेक शब्द ठेवत, वाक्याच्या शेवटी सूर वर नेत ती म्हणाली,

"पाटी निजली. मज सांगा."